सोवळ्यातली मासेमारी

मासा मिळवण्याचे सोपे मार्ग माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहेत. जाळं टाकावं, ओढ्याला बांध घालावा, गळाला गांडूळ लावून काठावर डुलक्या काढाव्यात, नाहीतर सरळ बाजारात जाऊन कोळणीशी घासाघीस करावी. या सगळ्या मार्गांवर जाणूनबुजून पाणी सोडलेल्या माणसांनी जो खेळ काढला, त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं नि केस बांधून केलेली किड्याची नक्कल. अमेरिकेच्या पश्चिमेला मोंटानातल्या मॅडिसन नदीत, ओरेगनमधल्या डेशूट्समध्ये, कॅलिफोर्नियातल्या ट्रकीत कमरेएवढ्या गारठणक पाण्यात माणसं तासन्‌तास उभी दिसतात. ती मासे पकडायला आली आहेत, असा बघणाऱ्याचा समज होतो. त्यांचाही असतो. पण त्यांचं सामान, त्यांचे नियम आणि त्यांची एकमेकांबद्दलची मतं ऐकली की उलगडा होतो. मासा मिळण्याच्या वाटेत घालता येतील तेवढे अडथळे आधी आपणच घालायचे आणि मग तो तरीही मिळतो का ते बघायचं, असा हा प्रकार आहे.

माझा या विषयाशी संबंध लग्नातून आला. मी घाटावरचा, सासुरवाडी मालवणची. धाकटा मेहुणा कॅलिफोर्नियात आला, सॉफ्टवेअरमध्ये स्थिरावला, कर्ज काढून घर घेतलं आणि आता काळजीचं काही उरलं नाही म्हणून या नादाला लागला. ज्याच्या गावी रापण ओढायला अर्धी वाडी किनाऱ्यावर जमते आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, त्यानं चाळिशीत फी भरून मासे धरण्याची शिकवणी लावली. त्याच्या घरच्यांना याचा अर्थ लागत नाही. मला लागतो. मी लहानपणी आजीचं सोवळं पाहिलेलं आहे.

हे सोवळंच आहे. सगळ्यात ओवळे ते गांडूळवाले. खरं आमिष लावतात, बादली उपडी करून तिच्यावर बसतात आणि संध्याकाळी मासे घेऊन घरी जातात. त्यांच्याशी पार्किंगपुरतं हसायचं. त्यांच्या वर चकाकत्या पत्र्याचे स्पिनर फेकणारे. त्यांच्या वर निंफवाले. हे पाण्याखालच्या अळीची नक्कल बांधून ती बुडवतात आणि वर दोरीला एक रंगीत गोळा अडकवतात. तो गोळा हलला की खाली मासा लागला. असाच गोळा लहान मुलांच्या गळालाही असतो आणि तिथे त्याला बॉबर म्हणतात. इथे त्याचं नाव स्ट्राइक इंडिकेटर. मेहुण्यासमोर मी एकदा त्याला बॉबर म्हणालो, तर तो म्हणाला, "भाऊजी, बाहेर कुठे असं म्हणू नका."

निंफवाल्यांच्याही वर ड्राय फ्लायवाले. यांची फ्लाय पाण्यावर तरंगलीच पाहिजे आणि माशानं वर येऊन ती सर्वांसमक्ष घेतली पाहिजे. हे सोवळं इंग्लंडहून आलं. तिथे टेस्ट नदीवर फ्रेडरिक हॅलफर्ड नावाच्या गृहस्थानं तरंगत्या फ्लायचं शास्त्र लिहिलं आणि त्याच्या अनुयायांनी त्याचं धर्मशास्त्र केलं. 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निंफ वापरणं सभ्यपणाचं आहे का यावर रीतसर वादसभा झाली आणि ऐंशीला टेकलेल्या जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाला तिथे निंफची बाजू मांडावी लागली. त्या वर्षी युरोपात दुसरी काही काळजी नव्हती अशातला भाग नाही.

प्रत्येक सोवळ्याला पळवाट असते, तशी इथेही आहे. न्यू मेक्सिकोत सान हुआन नावाची नदी आहे. तिच्या नावानं सान हुआन वर्म ही फ्लाय प्रसिद्ध आहे. हुकाला मधोमध लाल मखमली धाग्याचा तुकडा बांधला की ती झाली. दिसायला गांडूळ, पाण्यात वळवळायला गांडूळ, मासाही गांडूळ समजूनच खातो. पण धाग्याचं असल्यामुळे चालतं.

आता यंत्रणा सांगतो. साध्या गळाला शिशाचा गोळा असतो आणि त्या वजनानं दोरी लांब जाते. फ्लायला वजनच नसतं. म्हणून इथे दोरीच जाड आणि जड केलेली असते. ती डोक्यावरून मागे पुढे, मागे पुढे नाचवायची आणि तिच्या जोरावर टोकाची फ्लाय पाण्यावर अलगद उतरवायची. सिनेमात हे फार सुंदर दिसतं. नॉर्मन मॅक्लेन यांच्या 1976 च्या पुस्तकावर रॉबर्ट रेडफर्डनं 1992 साली सिनेमा काढला, ब्रॅड पिटला उन्हात दोरी नाचवताना सगळ्या अमेरिकेनं पाहिलं आणि मोंटानातल्या नद्यांवर गर्दी उसळली. गोष्ट ब्लॅकफुट नदीची, चित्रीकरण बहुतेक गॅलटिनवर. सिनेमात न दाखवलेली गोष्ट अशी, की दोरी पुढे जितकी टाकायची तितकीच आधी मागे जावी लागते आणि पश्चिमेतल्या नद्यांच्या काठाला विलोची झुडपं असतात. मोठमोठ्या नद्यांवर हंगामाच्या अखेरीस एकेका झुडपावर शेदोनशे डॉलरचा माल लटकलेला असतो. दोरीला आपोआप गाठी पडतात, त्यांना विंड नॉट म्हणतात. वारा नसला तरी.

आकड्यांचा हिशेबही उलटा आहे. हुकाचा नंबर वाढला की हूक लहान होतो. दोरीच्या टोकाला जो अदृश्यसा धागा असतो, त्याचाही नंबर वाढला की तो बारीक होतो. 5 एक्स म्हणजे इंचाच्या हजार भागांतले सहा, आपल्या केसाच्या दीडदोन पट जाड. किडे पाण्यावर उतरतात आणि मासे वर येतात ती वेळ बहुधा तिन्हीसांजेची. तेव्हा मेहुणा मांडीभर पाण्यात उभा असतो. सगळीकडे टपाक टपाक मासे उसळत असतात. हातात 22 नंबरचा हूक, म्हणजे तांदळाच्या कणीपेक्षा फार मोठा नाही. त्याच्या भोकातून धागा ओवायचा. चष्मा कपाळावर, टॉर्च दातांत, तोंडात शिवी, पण टॉर्चमुळे ती नीट उमटत नाही. धागा भोकाच्या डावीकडून जातो, मग उजवीकडून जातो. ओवला असं वाटून ओढावं तर हूकच पाण्यात पडतो. तोपर्यंत अंधार पडतो आणि मासे जेवून झोपायला जातात.

किड्यांचं प्रकरण मात्र खरोखर चांगलं आहे. इथे माझी थट्टा थांबते. मेफ्लाय नावाचा नाजूक कीटक वर्षभर दगडाखाली अळीच्या रूपात काढतो, मग एके दिवशी वर येऊन पंख उघडतो. पंख आल्यावर त्याला काम करणारं तोंडच नसतं. जेवायचं नाही, एकदोन दिवसांत लग्न उरकायचं, अंडी घालायची आणि मरायचं. सॅमनफ्लाय त्याहून मोठी, चांगली दोन इंचांची. पाण्यात तीनचार वर्षं काढते आणि मे-जूनच्या सुमारास डेशूट्सच्या काठावरच्या गवतात हजारोंनी चढते. तेव्हा मॉपिन नावाच्या एवढ्याशा गावात मोटार लावायला जागा राहत नाही. ज्यांनी शाळेत जीवशास्त्राचा पेपर कोरा दिला, ते लोक पाण्यातला दगड उलटा करून गुडघ्यावर बसतात आणि "बीटिस दिसतोय" असं लॅटिनमध्ये पुटपुटतात. माशाला त्या दिवशी जो किडा हवा असेल तोच, त्याच आकाराचा आणि रंगाचा द्यावा लागतो. दुसरा दिला तर तो जवळ येतो, बघतो आणि परत जातो.

म्हणून फ्लाय घरी बांधायची. दुकानात एक फ्लाय तीनेक डॉलरला मिळते. घरी बांधली तर पैसे वाचतात, या एका वाक्यापायी मेहुण्याच्या घरातली पाहुण्यांची खोली गेली. आम्ही आता दिवाणखान्यात झोपतो.

एल्क हेअर कॅडिस ही पश्चिमेतली घरोघरची फ्लाय. मोंटानातल्या डिलनला स्थायिक झालेले अल ट्रॉथ यांची ही देणगी. ती बांधायला मेहुणा बसला की मी चहा घेऊन समोर बसतो. छोट्या शिकंज्यात 14 नंबरचा हूक आवळायचा, त्यावर दोऱ्याचे वेढे द्यायचे. सशाच्या तोंडावरची लव दोन बोटांत मळून दोऱ्यावर चढवायची आणि तो दोरा हुकाला गुंडाळायचा, हे पोट. कोंबड्याच्या मानेचं पीस पोटावरून वेढे देत न्यायचं, त्याचे तंतू चहूबाजूंनी उभे राहतात, ते पाय. मग एल्क या हरणाच्या कातड्यावरून केसांचा झुबका कापायचा, फणीनं त्यातली लव विंचरून काढायची, झुबका एका पितळी नळीत उलटा टाकायचा आणि नळी टेबलावर आपटायची. टक, टक, टक. केसांची टोकं एका रेषेत येतात आणि आतल्या खोलीतून मेहुण्याच्या बायकोचा आवाज येतो, "किती वाजलेत कळतंय का?" हे केस आतून पोकळ, म्हणून फ्लाय तरंगते. पोकळ म्हणूनच दोरा आवळला की ते फेंदारतात. इथे खरी कसोटी. सैल राहिला तर पंख गरगर फिरतो, जास्त आवळला तर दोरा तुटतो आणि सगळं टेबलभर उधळतं. पुढे आठवडाभर पोह्यांत एल्क लागतो.

सामानाच्या कपाटात तर प्राणिसंग्रहालय आहे. सशाचा मुखवटा, हरणाची शेपटी, तितराची शेपटी, बदकाच्या शेपटाजवळ तेलाची ग्रंथी असते तिच्याभोवतीची मऊ पिसं, ती छान तरंगतात. मोराच्या पिसाचे सुटे तंतू तर पाहिजेतच. आपल्याकडून मोरपिसं बाहेर न्यायला बंदी आहे, पण मोर आता जगभर पाळलेला आहे. पाकिटांवरची नावं वाचताना मला एकावर "इंडियन नेक" दिसलं. आत आपल्याकडच्या कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट कातडं. तांबड्या रश्शाला कोंबडा आणला की आपण जो भाग खाटकाकडेच टाकून येतो, तो इथे पाकिटात घालून विकतात, आणि तरी हा स्वस्तातला माल समजतात. उंची माल कोलोरॅडोतल्या डेल्टा गावच्या व्हाइटिंग फार्म्सचा. तिथे कोंबडे पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवले आहेत ते फक्त पिसांसाठी. 2011 साली एरोस्मिथ बँडचा गायक स्टीव्हन टायलर टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेचा परीक्षक म्हणून केसांत पिसं खोवून बसला. बघता बघता अमेरिकेतल्या पोरींना केसांत तीच लांब पिसं हवीशी झाली, केशकर्तनालयांनी फ्लाय शॉप धुऊन नेली आणि भाव अनेक पटींनी चढले. गंभीर चेहऱ्याचे दाढीवाले गृहस्थ ब्यूटी पार्लरवाल्यांशी एका कोंबड्यासाठी भांडत होते. हा काळ मेहुण्याला पाहायला मिळाला नाही याची मला हळहळ वाटते.

सगळ्यात मानाचं पीस मात्र आपल्या सह्याद्रीचं. आंबोलीला किंवा कोयनेच्या रानात पहाटे जो राखी रानकोंबडा ओरडतो, त्याच्या मानेवरच्या पिसांना मुलामा दिल्यासारखे पांढरेपिवळे ठिपके असतात. सॅमनच्या जुन्या इंग्रजी फ्लायना ते डोळे म्हणून लावत. भारतातून त्याची निर्यात बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली. आता ब्रिटनमध्ये पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसं येतात आणि एका मानेला शंभराच्या वर डॉलर पडतात. या पिसांचं वेड कुठवर जातं बघा. 2009 साली लंडनमध्ये बासरी शिकणाऱ्या एका अमेरिकन तरुणानं ट्रिंग गावच्या संग्रहालयाची खिडकी फोडून 299 पक्ष्यांची जतन केलेली कातडी सुटकेसमध्ये भरून नेली. त्यांतली काही निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसनं गोळा केलेली. कशासाठी, तर व्हिक्टोरियन काळच्या कृतीबरहुकूम फ्लाय बांधण्यासाठी. या फ्लाय पाण्यात जातच नाहीत. काचेच्या पेटीत ठेवायच्या.

मेहुणा इतका पुढे गेलेला नाही. तो फक्त शेजाऱ्यांच्या कुत्र्याला फार वेळ कुरवाळतो. रस्त्यात पडलेलं पीस उचलायला वाकतो आणि तसाच सरळ होतो, कारण 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यानं इथल्या बहुतेक रानपक्ष्यांचं गळून पडलेलं पीसही जवळ ठेवता येत नाही. शिवाय जुन्या कृती ऐकवून जेवताना सगळ्यांचा घास अडवतो. टप्स इन्डिस्पेन्सेबल नावाची एक इंग्लिश फ्लाय आहे. तिच्या गुलाबीसर पोटात काय काय असतं हे कित्येक वर्षं गुपित होतं. त्यात मेंढ्याच्या नको त्या जागेची लोकर निघाली. गुपित ठेवणाऱ्याचा हेतू मला आता समजतो.

इतकं करून मासा लागला, की सोडून द्यायचा. उगाच नाही. ली वुल्फ नावाच्या प्रसिद्ध अँगलरनं 1939 सालीच मांडलं होतं, की खेळाचा मासा एकदाच पकडून संपवण्याइतका स्वस्त नाही. ते पटण्यासारखं आहे. नद्या थोड्या, माणसं फार. मोंटानात सलग तीन दिवस पाणी 73 अंश फॅरनहाइटला पोचलं, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकायलाच बंदी, कारण कोमट पाण्यात दमलेला ट्राउट मासा सोडला तरी वाचत नाही. हा नियम मला फार आवडतो. पण सोवळं वाढत जातं. ओरेगनच्या नॉर्थ अंपक्वा नदीचा तीसेक मैलांचा पट्टा फक्त फ्लायवाल्यांसाठी राखीव आहे. तिच्या एका उपनदीच्या डोहात उन्हाळ्यात शेकडो स्टीलहेड मासे विसावतात आणि चोर तिथे पूर्वी सुरुंग लावून मासे मारत. ली स्पेन्सर नावाचे पुरातत्त्वज्ञ 1999 पासून अनेक वर्षं हंगामभर कुत्र्याला घेऊन त्या डोहाची राखण करत बसले. ते स्वतः मासेमारी करत तेव्हा हुकाचं टोक कापून टाकत. स्टीलहेड येतो, फ्लाय धरतो, सोडून देतो. झाली मासेमारी. मी जन्मभर सोवळं पाहिलं, पण इतकं कडक आणि इतकं प्रामाणिक पाहिलं नाही. त्या माणसाला माझा नमस्कार.

समुद्रावर मात्र हे सगळं धुऊन निघतं. नदी बंद असली की मेहुणा पॅसिफिकच्या लाटांत उभा राहतो. तिथे विलो नाही, लॅटिन नाही. तोंडावर वारा, थंडगार पाणी आणि पायाखाली वाळू ओढून नेणारी लाट. पाण्याकडे पाठ करायची नाही हा एकच नियम, आणि तो मोडणाऱ्याला समुद्र लगेच शिकवतो. ओढून घेतलेली दोरी लाटेत गुंतू नये म्हणून कमरेला एक उथळ टब बांधतात. विकतचा मिळतो, पण मेहुण्यानं भांडी घासायच्या टबाला पट्टा लावला आहे. सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा लेक हे पात्र पोटाशी बांधून समुद्रात निघालेला पाहून त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

या किनाऱ्यावर दोन मासे मुख्य. एक बार्ड सर्फपर्च, तळहाताएवढा, अंगावर पट्टे, अंडी न घालता जिवंत पिल्लांना जन्म देणारा. तो लाटेच्या फेसातले वाळूखेकडे खातो आणि बहुतेक वेळा गुडघाभर पाण्यातच असतो, म्हणजे ऐंशी फूट दूर फ्लाय फेकणाऱ्याच्या पायाशी. दुसरा स्ट्राइप्ड बास. तो मूळचा इथला नव्हे. 1879 साली न्यू जर्सीहून एकशेतीसेक पिल्लं आगगाडीनं खंड ओलांडून आणली आणि खाडीत सोडली. ब्राउन ट्राउटही असाच, 1883 साली जर्मनीहून अंड्यांच्या रूपात आला. बाहेरून येऊन इथे जम बसवलेल्यांनी एकमेकांना धरायचं, असा हा मामला.

सासूबाई आल्या होत्या त्या दिवशी मेहुण्याला चांगला ताजा पर्च लागला. नियमानं तो घरी नेता आला असता. सासूबाई पदर खोचून पुढे आल्या. मेहुण्यानं हात ओला केला, हूक हळूच काढला, मासा लाटेत धरून दोन वेळा पुढेमागे केला आणि सोडला.

"सोडलंस?" सासूबाई म्हणाल्या. "मगे धरलंस कित्याक?"

"आई, मजा असते ती."

"माशाक मजा?"

याला फ्लाय फिशिंगच्या पाचशेहून अधिक वर्षांच्या वाङ्मयात उत्तर नाही. सासूबाई मोटारीत जाऊन बसल्या. रात्री चायनीज बाजारातून आणलेल्या पापलेटचं कालवण झालं आणि मेहुण्यानं दोनदा भात घेतला.

या सोवळ्याचा कळस पाहायचा असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात जा. मंदीच्या काळात सरकारनं बेकारांना काम देण्यासाठी योजना काढल्या, त्यांतून 1938 साली तिथे काँक्रीटची तीन सुंदर तळी बांधली गेली. भोवती निलगिरीची झाडं. काठावर माणसं उभी, अंगात खिसेवाली जाकिटं, हातात हजार हजार डॉलरचे रॉड. टोकाला हुकाऐवजी लोकरीचा तुकडा आणि पाण्यावर तरंगती कडी, तिच्यात तो टाकायचा. तळ्यात मासे नाहीत. ठेवलेलेच नाहीत. मेहुणा रविवारी सकाळी जातो आणि दुपारी अत्यंत समाधानी चेहऱ्यानं परत येतो.

मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या आणि मॉल बघून कंटाळलेल्या आईवडिलांनी ही जागा चुकवू नये. बसायला बाकं आहेत, पैसे पडत नाहीत आणि क्लबची मंडळी महिन्यातून एकदा नवशिक्यांना मोफत शिकवतात. डबा मात्र घरून न्यावा.